तिसऱ्या तासाची चूक

प्रात्यक्षिकाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून कोणीतरी म्हणालं, "बाळा, आधी हात धुतलेस का?" मी बाहेरच थांबले. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की आत कोणीतरी तास घेतंय आणि बरा घेतंय. या वाक्याने सुरुवात करणारी बाई आपल्या जातकुळीची दिसते. मग लक्षात आलं. वाक्य माझं होतं. नुसतं वाक्यच नाही, 'बाळा' म्हणताना घशात बसणारी ती किंचित घोगरी अडखळ, जी मला एका जुन्या आजारपणानंतर कायमची चिकटली, तीसुद्धा माझीच होती. आणि मी तर इथे दाराबाहेर उभी, एका हातात हजेरीपट, दुसऱ्या हातात चष्म्याचं घर. आत डोकावले. पलंगावर आमचा रबरी पुतळा नेहमीसारखा छताकडे बघत पडलेला, त्याच्या उशाशी भिंतीला टीव्हीसारखा नवा पडदा लावलेला, आणि पडद्यापुढे पहिल्या वर्षाची एक मुलगी वही छातीशी धरून उभी, लांब वेणी पाठीवर. पडद्यावर चेहरा नव्हता, एवढं नशीब. एक निळी रेघ तेवढी माझ्या आवाजाबरोबर वरखाली होत होती. मुलगी म्हणाली, "हो बाई, धुतले." आणि ती रेघ माझ्या आवाजात म्हणाली, "शाब्बास. विचार आता."

मला सगळ्यात आधी लागलं ते 'बाई'. आमच्या नर्सिंग कॉलेजात आता सगळ्या मॅडम आहेत. प्राचार्या मॅडम, ग्रंथालयातल्या मॅडम, काल रुजू झालेली पोरसुद्धा मॅडम. बाई एकटी मीच. चोवीस वर्षांत ते नाव मी कोणाला दिलं नव्हतं आणि कोणी मागितलंही नव्हतं. गेल्या आठवड्यात जिन्यावर दोन मुली माझ्यापुढे चालल्या होत्या. एक म्हणाली, "अगं, बाईंना विचार ना." दुसरी म्हणाली, "कुठल्या, खऱ्या?" आणि दोघी खिदळल्या. मागून मीही हसले होते. म्हटलं, पोरींची काहीतरी थट्टा चाललीय, आपल्याला काय त्याचं. आत्ता दाराशी उभ्या उभ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे एक नुसत्या बाई होत्या आणि एक खऱ्या. जिला 'खऱ्या' म्हणून वेगळं काढावं लागतं तिचं दुकान उठलंच म्हणायचं. जिवाचा संताप होत होता, पण पाय हलत नव्हते, कारण दुसरीकडे मला ऐकायचंही होतं. स्वतःला शिकवताना कोण ऐकतं? मी बरी शिकवत होते.

वेणीवालीने वही उघडली. "तीन वर्षांचं मूल आहे. शंभर मिली सलाईन, चार तासांत द्यायचंय. मिनिटाला थेंब किती सोडायचे?" आता ती गप्प बसेल, मला वाटलं. इथे मी नेहमी गप्प बसते. पण आवाज कुठे अडला नाही. "मूल आहे ना? मग एका मिलीला साठ थेंब धर. शंभर गुणिले साठ, भागिले दोनशे चाळीस मिनिटं. पंचवीस." मुलीने पंचवीस लिहिले, खाली रेघ मारली, वही मिटली. "थँक्यू बाई." तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, पलंगाच्या दांडीला सलाईनचा सेट लटकत होता. साधा सेट, मोठ्या माणसांचा, ज्याच्या वीस थेंबांतच एक मिली भरतो. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी बाजूला सरले. ती बाहेर आली, मला पाहून अदबीने मान लववली आणि म्हणाली, "गुड आफ्टरनून मॅडम."

ते गणित माझं आहे आणि ते चुकीचं आहे. मुद्दाम चुकीचं आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की लहान मुलांना बारीक थेंबांचा सेट लावायचा, त्याचे साठ थेंब म्हणजे एक मिली. मुली ते पाठ करतात आणि पाठ केलेली गोष्ट डोक्यात घर करून बसते: मूल म्हणजे साठ. पण वॉर्डात बारीक थेंबांचे सेट संपलेले असतात. घाईत कोणीतरी साधा सेट लावून जातं. तुम्ही येता, पाळण्यात मूल बघता, डोकं म्हणतं साठ, हात पंचवीस थेंब सोडतो, आणि मुलाच्या अंगात तिप्पट पाणी जातं. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. वॉर्डातलं माझं दुसरं वर्ष होतं, भर दुपार, खिडक्यांना हिरवे पडदे. एका छोट्या मुलीची आजी माझ्या मागे मागे येत म्हणाली, "सिस्टर, हिचे डोळे असे का दिसतायत हो?" मी म्हटलं, रडली असेल. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मी जाऊन पाहिलं. पापण्या फुगून डोळे मिटत आले होते आणि छाती भात्यासारखी हलत होती. दोन दिवस ऑक्सिजनवर होती ती. वाचली. आजीने जाताना माझ्याच डोक्यावरून हात फिरवला, कारण सेट न बघणारी कोण, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या हाताचं मी काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. शिकवायला लागले तेव्हा ठरवलं की मुलींना हे सांगायचं नाही, घडवायचं. म्हणून तिसऱ्या तासाला मी टेबलावर साधा सेट ठेवते, फळ्यावर साठ धरून गणित करते, पंचवीसखाली रेघ मारते, खडू खाली ठेवते आणि गप्प उभी राहते. कोणीतरी फळ्यावरून नजर काढून टेबलाकडे बघेपर्यंत. कधी चार मिनिटं लागतात, एका वर्षी अकरा लागली. पंखा फिरत असतो, कोणीतरी खोकतं, बाकावर पाय घासतात. आणि मग एक हात वर जातो. "बाई, टेबलावरचा सेट साधा आहे." चोवीस वर्षांत एक वर्ष असं गेलं नाही की हात वर गेला नाही. ते चोवीस हात मी माझी कमाई समजत होते. दुसरं काय मिळवलं मी? एक भाड्याचं घर, एक दुखरा खांदा आणि हे.

त्यातला सगळ्यात चपळ हात टाचणीचा. टाचणी म्हणजे आमच्या आत्ताच्या प्राचार्या. नाव मीच ठेवलेलं. पहिल्या वर्षाला आली तेव्हा अंगाने किडकिडीत आणि बोलायला टोकदार. कुठेही ठेवा, टोचायचीच. मी खडू खाली ठेवून हात झटकतेय तोवर तिचा हात वर. मिनीटसुद्धा झालं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं होतं, "आज एक सापडली." तिच्या पुढच्या शिक्षणासाठी चिठ्ठ्या मी लिहिल्या, मुलाखतीला जाताना माझं घड्याळ तिच्या मनगटावर होतं, आणि तिला ही खुर्ची मिळाली तेव्हा सगळ्यांआधी मी टाळ्या वाजवल्या. चारचौघांत मी तिला अहोजाहो करते. घरी आली की ती टाचणी आणि मी बाई. गेल्या वर्षी अशीच आली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाई, साठ मुली होत्या, आता एकशे ऐंशी आहेत. शिकवणाऱ्या नऊ होतो, पाच उरलो. वॉर्डात दर सहा महिन्यांनी नवं यंत्र येतंय आणि आपण अजून खडू झटकतोय. काळाबरोबर नाही चाललो तर उद्या या कॉलेजला कुलूप लागेल." मला पटलं. मी काही खडू कवटाळून बसणारी नाही. कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी त्याला भरतकामाचा टेबलक्लॉथ घातला होता. चालवला तो मी. मग ती म्हणाली, "दोन वर्षांत तुम्ही जाणार. तुमचं शिकवणं असंच वाऱ्यावर सोडायचं का? तुमचे तास रेकॉर्ड करू आणि तुमच्याच तासाला लावू. तुम्ही खोलीत असालच. फळ्यावर लिहायचा त्रास तेवढा वाचेल." आणि माझ्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. कुठला खांदा दुखतो ते तिला बरोबर माहीत होतं. तीन पानांवर मी सह्या केल्या. हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "वाचलंस का आधी?" मी म्हटलं, "अहो, आपली टाचणी आहे. तिचं काय वाचायचं?"

बंद वर्गात, खिडक्यांना काळं कापड लावून, बारा दिवस मी रिकाम्या बाकांना शिकवलं. कॅमेरा लावणारा मनुष्य भला होता, पण त्याला स्वच्छतेचं वेड. मी म्हटलं, टेबल दिसायला हवं. तो म्हणाला, "टेबलावर पसारा आहे बाई, नळ्याबिळ्या. फळा आणि तुम्ही, बास." तिसरा तास आला. मी सवयीने साधा सेट टेबलावर ठेवला, साठ धरून गणित केलं, पंचवीसखाली रेघ मारली, आणि गप्प उभी राहिले. समोर कोणी नव्हतं. तरी उभी राहिले. त्याने कॅमेऱ्यामागून डोकं काढून विचारलं, "विसरलात का?" मी म्हटलं, नाही, हे असंच असतं. तो म्हणाला, "मग गॅप मी काढून टाकतो." मनात आलं होतं, खरं उत्तर सांगून टाकावं, रेकॉर्डिंग आहे बाई हे. पण मग म्हटलं, सांगितलं तर मजा गेली. व्हिडिओ लावेन, पंचवीसवर थांबवेन, सेट टेबलावर ठेवेन आणि तिथे मी असेनच. मी असेनच, या दोन शब्दांवर मी ती चूक तशीच सोडली. यंदा वेळापत्रक लागलं तेव्हा पहिल्या वर्षाच्या रकान्यात माझं नाव नव्हतं. टाचणीने निरोप पाठवला, बाई, यंदा तुम्हाला जरा आराम. मला बरंसुद्धा वाटलं होतं, दोन महिने त्या खोलीकडे फिरकलेही नाही. मूर्खासारखं.

स्टाफरूममध्ये येऊन मी चहा घेतला आणि तो समोर ठेवून बसले. या मुली उद्या सकाळी पहिल्यांदा वॉर्डात जाणार होत्या. बालरुग्णांचा वॉर्ड यादीत पहिलाच. मी तिथे बसून काय विचार केला ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी विचार केला, काही बोलू नये. का बोलावं? मला कोणी विचारलं का? माझा आवाज उचलताना विचारलं नाही, तर त्या आवाजातली चूक काढायला मी का धावू? जाऊ देत उद्या. कोणीतरी पंचवीस थेंब सोडेल, मोठ्या सिस्टर ओरडतील, चौकशी होईल, आणि मग हेच सगळे दारात येतील, बाई, आमचं चुकलं, असं म्हणत. पडदा भिंतीवरून उतरेल. भिंतीत चार भोकं राहतील तेवढी. मला ती भोकं दिसली, अगदी स्पष्ट, त्यातून सांडलेला चुनासुद्धा. आणि त्या भोकांनी मला जो आनंद झाला तो आजवर कशानेच झाला नव्हता. मग मला कळलं की या आनंदासाठी मध्ये एक मूल लागतं. पाळण्यात झोपलेलं, पापण्या फुगलेलं. चहावर साय धरली होती. मी उठले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्याच्याही उलट होतं हे. लुटली गेले मी, आणि घाम फुटला होता तोही मलाच. जिन्याच्या बारा पायऱ्या चढताना मी टाचणीला काय काय बोलायचं ते ठरवलं. एकेक वाक्य घासून ठेवलं.

टाचणीच्या खोलीत आता काचेचं टेबल आहे. ती उठून उभी राहिली, ते ती अजून करते. मी बसले नाही. म्हटलं, "माझा आवाज भिंतीला टांगताना मला एकदा सांगावंसं वाटलं नाही तुला?"

ती म्हणाली, "सांगणार होते बाई."

"कधी? माझ्या निरोप समारंभाला?"

"तुम्ही सही केली होती. दुसऱ्या पानावर होतं, आवाजाचं. त्या तासांवरून यंत्राला तुमच्यासारखं बोलायला शिकवायचं, असं." मग तिलाच ते ऐकवेना. "बसा ना. प्लीज. बघा, मी तुम्हाला खोटं नाही सांगत. त्या मुली तुमच्यासमोर प्रश्न विचारायला घाबरतात. त्या पडद्याला एकच गोष्ट सात वेळा विचारतात. संध्याकाळच्या बॅचला तर शिकवायला माणूसच नाही, त्यांना तुम्ही मिळताय. मी काय करू? दुसऱ्या कुणाचा आवाज लावू? मुलींना विश्वास वाटेल असा आवाज या कॉलेजात एकच आहे."

यातलं खोटं काय होतं? काहीच नव्हतं, म्हणून जास्त लागलं. घासून ठेवलेली वाक्यं कुठेतरी गळून पडली. मी फक्त म्हटलं, "टाचणे, तिसरा तास तसाच आहे त्यात. पंचवीस सांगतंय ते. आणि उद्या वॉर्ड आहे." तिचा चेहरा उतरला. तिने लगेच फोन उचलला, कुणाशी तरी बोलली; मला एका बाजूचं ऐकू येत होतं. हो, दुरुस्ती. नाही, तातडीची. अर्ज कुठला? तीन आठवडे? फोन ठेवून ती म्हणाली, "आज संध्याकाळपर्यंत सूचना लावते फलकावर." मी म्हटलं, "फलक कोण वाचतं?" मग मला तिची कीव आली, की स्वतःची, कोण जाणे. मी जरा मऊ आवाजात म्हटलं, "तुझ्या तरी लक्षात यायला हवं होतं गं. तुझाच हात वर गेला होता. एक मिनीट लागलं नव्हतं तुला. ते ऐकताना कान कसे टवकारले नाहीत तुझे?"

ती काचेवरचं बोट बघत राहिली. "बाई, एक सांगू? रागावू नका."

"आता आणखी काय रागवायचं राहिलंय?"

"मी टेबलाकडे बघितलं नव्हतं."

मला समजलं नाही. ती एका दमात बोलली, लहानपणी बोलायची तशी. "हॉस्टेलवर वरच्या वर्गातल्या मुली सांगायच्या. तिसऱ्या तासाला बाई मुद्दाम चुकतात, मग गप्प उभ्या राहतात, कोणीतरी हात वर करून म्हणायचं की सेट साधा आहे. दरवर्षी सांगायच्या. आम्ही चिठ्ठ्या टाकायचो, हात कुणी वर करायचा त्याच्या. त्या वर्षी माझी निघाली. मला वाट बघायला सांगितलं होतं, दोन-तीन मिनिटं तरी थांब म्हणून. मला धीर नव्हता. तुम्ही इतक्या खूश व्हायचात ना बाई. सगळ्यांना वाटायचं, कशाला मोडायचं. आम्हीही पुढच्या वर्षी खालच्या मुलींना सांगितलं. यंदा तास तुमचा नव्हता, म्हणून कोणी कोणाला काही सांगितलं नसणार."

बाहेर कोणीतरी खुर्च्या ओढत होतं. मला अकरा मिनिटांचं ते वर्ष आठवलं. म्हणजे ती बिचारी अकरा मिनिटं कळ काढत बसली होती, माझ्यासाठी. बाकीच्या तिला डोळ्यांनी खुणावत असतील, अगं आता कर ना. आणि मी समोर उभी, पंख्याचा आवाज ऐकत, मनात म्हणत, विचार करतायत माझ्या पोरी. चोवीस वर्षं. माझ्या वाढदिवसाला फुलं आणावीत तसा दरवर्षी एक हात आणून दिला होता मला. प्रेमानेच. प्रेमाने फसवलेलं माणूस भांडायला कुठे जाणार? वर्गात एकीनेही टेबलाकडे बघितलं नव्हतं. आणि माझ्या गणितावर सरळ विश्वास ठेवून, मी सांगितलं ते सांगितलं तसं शिकणारा विद्यार्थी आयुष्यात एकच मिळाला, तो भिंतीला टांगलेला होता. त्याला बिचाऱ्याला हॉस्टेल नव्हतं. टाचणी टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली. तिचे डोळे भरले होते, पण मी मागे सरकले. तिला म्हटलं, "मॅडम, मी खाली जाते. मुली चारला सरावाला येतात." एकट्यात तिला मॅडम म्हणायची ही पहिलीच वेळ.

चार वाजता वीस-बावीस मुली आल्या. मी पडद्याची कळ बंद केली. ती कुठे असते ते शोधायला मला दोन मिनिटं लागली आणि शेवटी वेणीवालीनेच दाखवली. खोलीत एक जुना फळा आहे, चाकांवरचा. तो ओढला. ठरवलं होतं, या वेळी नाटक नाही, गप्प उभं राहणं नाही, परीक्षा बघणं नाही. सरळ सांगायचं आणि मोकळं व्हायचं. गणित घातलं, तेच, तीन वर्षांचं मूल. दांडीवरचा सेट हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. म्हटलं, हा साधा सेट आहे, याचे वीस थेंब म्हणजे एक मिली. शंभर गुणिले वीस, भागिले दोनशे चाळीस. उत्तर लिहिलं, साधारण आठ. खांदा चमकत होता. मागे वळते तर एक हात वर. इतकी वर्षं ज्याच्यासाठी उभी राहिले तो हात, कुणी शिकवून न पाठवलेला, बिनचिठ्ठीचा. वेणीवालीचा.

"मॅडम, चुकलंय," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, काळजीने. "मूल आहे ना. साठ धरायचे. पंचवीस येतात."

"कोणी सांगितलं?"

तिने बंद पडद्याकडे बोट केलं. "बाईंनी."

मी म्हटलं, "त्या बाई म्हणजे मी. तो आवाज माझा आहे." मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, काहींना माहीत होतं, काहींना नव्हतं. वेणीवाली माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला पुढे बोलावलं, सेटला सलाईनची बाटली जोडून नळी तिच्या हातात दिली, खाली एक मिलीच्या खुणांची छोटी नळकांडी धरली आणि म्हटलं, मोज. थेंब कमीजास्त करायची नळीवरची चाकी जराशी उघडली. ती मोजायला लागली, आधी मनात, मग मोठ्याने, आणि दहानंतर बाकीच्याही मोजायला लागल्या. वीसला पाणी खुणेला टेकलं. मी चाकी बंद केली. माझी ती जुनी शांतता, या वेळी न मागता आलेली. वेणीवालीने खुणेकडे पाहिलं, मग वहीतल्या पंचवीसकडे, त्याखालच्या तिच्याच रेघेकडे.

"मग बाईंनी पंचवीस का सांगितलं?"

"मुद्दाम. मला वाटलं होतं, तुमच्यातली कोणीतरी बघेल आणि मला पकडेल."

"पण आम्ही विश्वास ठेवला होता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिला काहीतरी कळत होतं आणि ते कळायला नको होतं असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तो चेहरा मी ओळखला. तासाभरापूर्वी वरच्या मजल्यावर तो माझा होता. तिने वही पहिल्या पानापासून उघडली. दोन महिन्यांच्या नोंदी, बारीक नेटक्या अक्षरात, जागोजागी रेघा. पानं उलटत ती माझ्याजवळ आली आणि वही माझ्यापुढे धरली.

"आणखी कुठे कुठे मुद्दाम चुकलायत?" तिने विचारलं. "सांगा ना. उद्या वॉर्ड आहे."

मी चष्मा लावला आणि पहिलं पान वाचायला लागले. ओळ न् ओळ माझी होती. बारा दिवस, रिकामे बाक, काळं कापड. त्यात मी काय काय म्हटलं होतं, त्यातलं काय त्याने कापलं, काय जोडलं, आणि त्या निळ्या रेघेने माझ्या नावावर स्वतःचं काय घातलं, मला काहीच आठवेना. मुली भोवती गोळा झाल्या. मी दुसरं पान उलटलं.

"बाई?" वेणीवाली म्हणाली.

मी तिला म्हटलं, "मला माहीत नाही."